स्टँडबायवरचे घर

रमजान महिन्यात मुस्लिम घरांचे घड्याळ बदलते, हे आता शेजारपाजाऱ्यांनाही सवयीचे झाले आहे. पहाटे साडेचारच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लागतो, सूर्य मावळताना सगळे दस्तरखानाभोवती जमतात, रात्री उशिरापर्यंत तरावीहची नमाज चालते. महिनाभर सारे घर एका वेळापत्रकावर चालते. पण ज्या घरातला माणूस विमान चालवतो आणि ‘स्टँडबाय’वर असतो, त्या घराला आणखी एक वेळापत्रक सांभाळावे लागते. ते फोन वाजेपर्यंत कोणालाच माहीत नसते.

स्टँडबाय म्हणजे राखीव ड्यूटी. एखादा वैमानिक ऐनवेळी आजारी पडतो, किंवा विमानाला इतका उशीर होतो की आधीच्या वैमानिकाचे कामाचे तास संपतात. अशा वेळी राखीव माणसाला बोलावतात. वेळापत्रकात नुसते लिहिलेले असते, अमुक तारखेला पहाटे ४ ते दुपारी ४. तेवढा वेळ तो घरीच असतो. गणवेश इस्त्री करून टांगलेला, बॅगेत दोन दिवसांचे कपडे, फोन चार्ज केलेला. दिल्लीला जाऊन रात्री परत यायचे की कोचीला मुक्काम पडायचा, हे फोनवरच कळते. कित्येकदा फोन येतही नाही आणि दिवस तसाच निघून जातो. पगाराचा काही भाग प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर असल्याने त्या दिवसाचे पैसेही कमीच.

मूळचे मिरजेचे असलेले असे एक कुटुंब मुंबईत मरोळला राहते. विमानतळ जवळ म्हणून भाडे परवडत नसतानाही घर तिथेच घेतलेले. तो एअरबस ३२० विमानावर सहवैमानिक आहे, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी सहा वर्षांची. रमजानमध्ये त्याची अम्मी मिरजेहून राहायला येते. बाहेरच्यांना वाटते, वैमानिकाचे घर म्हणजे परदेशी चॉकलेटे आणि फुकटची तिकिटे. अम्मीला तसे कधी वाटले नाही. तिचे सासरे रेल्वेत ड्रायव्हर होते. मिरजेच्या रेल्वे वसाहतीत त्या काळी रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दार वाजवायचा, वहीत सही घ्यायचा आणि घरातला कर्ता माणूस डबा घेऊन निघायचा. ड्यूटीवरून आलेला माणूस दुपारी झोपला की पोरांना घराबाहेर काढायचे, हे ती नवी नवरी असतानाच शिकली. आता कॉलबॉयच्या जागी फोन आला एवढेच, असे ती म्हणते.

फरक मात्र एक आहे. सासरे इंजिनाच्या धगीसमोर उभे राहून रोजा धरत. मुलगा धरत नाही, म्हणजे ड्यूटीच्या आणि स्टँडबायच्या दिवशी धरत नाही. पहिल्या वर्षी हे तिच्या जिव्हारी लागले होते. त्यात इफ्तारला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर विचारले, ‘‘जवान माणूस, तब्येत ठणठणीत, मग रोजा का नाही?’’ त्याने उत्तर दिले नाही. त्याची बायको बोलणार होती, पण सासूकडे पाहून गप्प बसली.

कारण साधे आहे. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी कमी पडले की डोके दुखू लागते, उपाशीपोटी लक्ष लवकर ढळते. विमान उतरवताना लागणारी एकाग्रता बारा-तेरा तासांच्या निर्जळी उपवासानंतर तशीच राहील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून अनेक विमान कंपन्या ड्यूटीवर रोजा धरू देत नाहीत. पाकिस्तानच्या पीआयएनेही २०२४ मध्ये आपल्या वैमानिकांना आणि विमानातील कर्मचाऱ्यांना ड्यूटीवर रोजा न धरण्याच्या सूचना दिल्या होत्या. धर्मातही वाट मोकळी आहे. कुराणातील सूरह बकरामध्ये आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजातून सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे पुढे सवडीने पूर्ण करायचे, यालाच कजा म्हणतात.

पण घरी बसून फोनची वाट पाहणारा माणूस मुसाफिर कसा? अम्मीचा प्रश्न हाच होता आणि तो चुकीचा नव्हता. मिरजेला परतल्यावर तिने ओळखीच्या वृद्ध मौलानांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘रोजा सुटला तर एकाला एक ठेवता येतो. विमानात चूक झाली तर तिची कजा नाही.’’ दुसऱ्या कोणी कदाचित वेगळे उत्तर दिले असते. अम्मीला हे पटले की नाही, ती सांगत नाही. मात्र आता ती स्टँडबायच्या दिवशी दुपारी त्याचे ताट वाढून ठेवते आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेते. शाळेतून आलेली नात बापाच्या सोबतीला आत जाऊन बसते. सुटलेल्या रोजांचा हिशेब बायको डायरीत ठेवते. ते तो डिसेंबर-जानेवारीत सुटीच्या दिवशी धरतो. तेव्हा दिवस लहान असतो, पण घरात इफ्तारला तो एकटाच असतो.

रोजापेक्षा अवघड असते ती झोप. माणसाचे शरीर पहाटे २ ते ६ या वेळेत सर्वात मंद असते, आणि सहेरीची लगबग नेमकी त्याच वेळेत. त्या घरात सहेरी दबक्या आवाजात होते. कुकर रात्रीच लावतात, मिक्सरला हात लावत नाहीत. संध्याकाळी पाहुणे आले तरी तो साडेआठला उठून आत जातो आणि पाहुण्यांना ते शिष्टपणाचे वाटते. समाज गणवेशाला मान देतो, त्यामागच्या झोपेला देत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रात्रपाळीच्या परिचारिका आणि एसटीचे चालक यांच्या घरच्यांनी ती पुरेपूर भोगली आहे.

कायद्याने मात्र या झोपेची दखल घेतली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. त्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढली. त्यांचा शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीला वैमानिक कमी पडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि काही तरतुदी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांचा संताप खरा होता. पण वैमानिक घरी झोपतो म्हणून विमाने थांबली, असे जे बोलले गेले ते अन्यायाचे होते. थकलेल्या वैमानिकाने ‘आज उडू शकत नाही’ असे कळवणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. मागे बसलेल्या १८० माणसांची ती अमानत असते.

आकाशातल्या इफ्तारची गंमत वेगळीच. पस्तीस हजार फुटांवरून सूर्य जमिनीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे जास्त दिसतो. विमान पश्चिमेला आखाताकडे निघाले असेल तर ते सूर्याच्या मागे धावते आणि सूर्यास्त आणखी लांबतो. रोजेदार प्रवासी हवाई सुंदरीला विचारतात, ती कॉकपिटला विचारते. खाली कोणत्या गावात मगरिब झाली याला तेव्हा अर्थ नसतो. खिडकीतून सूर्य मावळलेला दिसावा लागतो. दुबईत बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि दीडशेव्याच्या वर तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असे तिथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितले, तेही याच हिशेबाने.

या घराची खरी परीक्षा ईदला असते. रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो आणि ईद कधी, हे आदल्या संध्याकाळी चंद्र ठरवतो. मागे एकदा त्याच्या पुण्याच्या मित्राने त्याची शुक्रवारची ड्यूटी आपल्याकडे घेतली. बदल्यात त्याने लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे उड्डाण कबूल केले. गुरुवारी चंद्र दिसला नाही. ईद शनिवारी झाली आणि शनिवारी तो सकाळपासून स्टँडबायवर. ईदगाहला गेला नाही, जवळच्याच मशिदीत फोन सोबत घेऊन नमाज पढला. साडेनऊला फोन वाजला. मुलीने नवा फ्रॉक तेवढा दाखवून घेतला आणि तो नागपूरला गेला. शीरखुर्मा रात्री अकराला गरम झाला. लक्ष्मीपूजनाचे उड्डाण मात्र त्याला करावेच लागले.

यंदा बायकोने फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात दोन तारखांभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. एका दिवसाची रजा मंजूर झाली आहे, दुसऱ्या दिवसासाठी मित्राशी बोलणे चालू आहे. अम्मीने शेवया दुप्पट आणून ठेवल्या आहेत.