एका साच्यातून अनेक सर्व्हर : साचा बनवतानाच काळजी घ्या

कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आधी पुठ्ठ्याचा पॅटर्न कापतो. पॅटर्न अर्ध्या इंचाने चुकला, तर एक नव्हे, शंभर शर्ट चुकतात. सर्व्हरच्या धंद्यातही हाच नियम आहे. आपले जे तरुण सर्व्हर बसवून देण्याचा व्यवसाय करतात आणि जे व्यापारी त्यांच्याकडून काम करून घेतात, त्या दोघांनीही ही माहिती समजून घेणे हिताचे आहे.

एका बळकट संगणकाच्या मेमरी, प्रोसेसर व डिस्कचे वाटे पाडून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकावर हिशेब, दुसऱ्यावर मालसाठा, असे काम चालते. यासाठी व्हिएन्ना येथील कंपनीचे 'प्रॉक्समॉक्स व्हीई' हे सॉफ्टवेअर २००८ पासून उपलब्ध आहे. परवाना शुल्क न देता ते वापरता येते. कंपनीची मदत हवी असल्यास मात्र वार्षिक वर्गणी भरावी लागते.

प्रत्येक मशीन नव्याने बसवत राहिल्यास वेळ जातो. म्हणून एक मशीन नीट तयार करून त्याचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, करतात व त्यावरून प्रती काढतात.

साच्यात काय ठेवावे?

ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे ताजे अपडेट, प्रॉक्समॉक्सशी संपर्क ठेवणारा 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' आणि सर्व मशीनना लागणारी सॉफ्टवेअर, इतकेच. एखाद्या गिऱ्हाइकाचा डेटा, पासवर्ड किंवा आपली लॉगिनची चावी त्यात राहता कामा नये. नाव, पत्ता व पासवर्ड प्रत्येक प्रतीला पहिल्यांदा सुरू होताना देण्यासाठी 'क्लाउड-इनिट' वापरावे.

काय पुसावे?

खरी चूक येथेच होते. लिनक्समध्ये 'मशीन-आयडी' नावाची फाईल असते. ती तशीच राहिली तर सर्व प्रतींची ओळख एकच होते. काही वेळा नेटवर्कवर दोन मशीनना एकच आयपी पत्ता मिळतो आणि काम अडते. ही फाईल काढून टाकू नये, फक्त रिकामी करावी. एसएसएचच्या होस्ट चाव्या मात्र काढून टाकाव्यात. क्लाउड-इनिट पहिल्या वेळी नव्या बनवते. त्या राहिल्या तर एका गिऱ्हाइकाच्या मशीनची चावी दुसऱ्याच्या मशीनलाही असते, आणि एकाला दुसऱ्याच्या सर्व्हरचे सोंग घेता येते. लोकांचा हिशेब ही आपल्याकडे अमानत आहे, हे विसरू नये.

विंडोजसाठी 'सिसप्रेप' हे साधन 'जनरलाइज' पर्यायासह चालवून मशीन बंद करावे. प्रत्येक प्रत रीतसर परवान्यात बसली पाहिजे. परवान्यात मुभा आहे त्यापेक्षा जास्त प्रती चालवणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क बुडवणे होय.

दोन प्रकारच्या प्रती

मशीनचे टेम्प्लेटमध्ये रूपांतर झाले की ते पुन्हा सुरू करता येत नाही. त्याच्या फक्त प्रती निघतात. 'लिंक्ड क्लोन' झटपट निघतो व जागा कमी घेतो, पण तो मूळ साच्यावर अवलंबून असतो. साच्याची डिस्क बिघडली तर त्याच्या साऱ्या लिंक्ड प्रती बिघडतात. 'फुल क्लोन' जागा जास्त घेतो, पण स्वतःच्या पायावर उभा असतो. चाचणीसाठी पहिला आणि गिऱ्हाइकाच्या कायमच्या कामासाठी दुसरा घ्यावा.

साचा जुना झाला की त्याचा फुल क्लोन काढून अपडेट करावा, पुन्हा साफ करावा आणि नावात तारीख घालून नवा साचा बनवावा. गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी दोन प्रती एकाच वेळी सुरू करून त्यांचे पत्ते व मशीन-आयडी वेगळे आहेत ना, ते पाहावे. पाच मिनिटांची ही तपासणी पुढचे नुकसान टाळते.

व्यापारी बंधूंनीही काम करून घेताना एवढे जरूर विचारावे : "साचा बनवण्यापूर्वी काय काय पुसले?" याचे उत्तर नीट देणाऱ्याकडेच आपला हिशेब सोपवावा.