मुलांचे आजार आणि जस्त : सहा दशकांचा मागोवा

बालारोग्याच्या इतिहासात पुणे शहराचे नाव निघते ते बहुधा लसींमुळे. परंतु येथेच, प्रा. शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या आणि आज त्यांचेच नाव धारण करणाऱ्या संशोधन संस्थेत, शाकाहारी ताटातील जस्ताविषयी चिकाटीने जे काम झाले, ते मला लसीइतकेच मोलाचे वाटते.

मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी सहकाऱ्यांसह १९६१ साली इराणातील खुरटलेल्या तरुणांची पाहणी प्रसिद्ध करून त्या खुरटण्यामागे जस्ताची न्यूनता असावी असा तर्क मांडला, तोवर मनुष्यास हे खनिज कमी पडते ही गोष्ट वैद्यकविश्वास मान्यच नव्हती. जस्तावाचून रोगप्रतिकारक पेशी दुबळ्या होतात, आतड्याचे अस्तर लवकर सांधत नाही. हगवणीत उरलेसुरले जस्तही शरीराबाहेर जाते आणि मूल पुढच्या दुखण्याच्या तावडीत अधिक सहज सापडते. १९९५ साली दिल्लीतील बालकांवरील चाचणीत जस्तामुळे हगवणीचा काळ घटल्याचे दिसले, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जलसंजीवनीच्या जोडीला जस्त देण्याची शिफारस केली. न्यूमोनियाच्या उपचारात मात्र त्याचा असा निःसंदिग्ध गुण आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुण्यातील संशोधकांनी प्रश्न धरला तो ताटाचा. धान्ये व कडधान्ये यांत जस्त असते, परंतु त्यांतील फायटिक आम्ल ते बांधून ठेवते. मोड आणल्याने व पीठ आंबवल्याने ही बांधणी सैल होते, म्हणजे मटकीच्या उसळीची आपली जुनी रीत शास्त्राच्या कसोटीस उतरते. पुढे याच संस्थेने लोह-जस्ताने समृद्ध असा ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी गहू सिद्ध केला.

तरीही २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील एक ते चार वर्षांच्या १९ टक्के मुलांत जस्ताची न्यूनता आढळली. औषध अल्पमोली आहे, अंगणवाडीपर्यंत ते पोहोचवण्याची सरकारी तजवीजही आहे. परंतु जुलाब थांबताच उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात, आणि झीज भरून निघण्याआधीच उपचार खंडित होतो. पालकांस विनंती एवढीच, की डॉक्टरांनी दिलेले जस्त, मूल तिसऱ्या दिवशी खेळू लागले तरी, चौदा दिवस पुरते द्यावे.