तीन एप्रिल की चार मार्च?

०३/०४/२०२५ ही तारीख वाचा पाहू. जळगावचा विद्यार्थी म्हणेल ३ एप्रिल. अमेरिकेतला म्हणेल ४ मार्च. फरक तब्बल ३० दिवसांचा! आता हे दोघे मिळून एकच संगणक-आज्ञावली लिहीत असतील, तर कोणी कोणता बदल केव्हा केला, हे कसे कळावे?

असे बदल नोंदवून ठेवणाऱ्या आज्ञावल्या असतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली 'गिट' ही त्यांपैकी एक. ती तारीख अनेक रूपांत स्वीकारते. वरीलप्रमाणे तिरप्या रेघा दिल्या, तर ती आधी महिना वाचते. रेघांऐवजी टिंबे दिली, तर आधी दिवस! म्हणून २०२५-०४-०३ १०:००:०० +०५३० हे रूप सर्वांत निर्धोक. मात्र संगणकाला हे अंक इंग्रजी लिपीत द्यावे लागतात. यात वर्ष, महिना, दिवस असा क्रम मोठ्याकडून लहानाकडे जातो. संशयाला जागा उरत नाही.

शेवटचे +०५३० कशासाठी? पृथ्वीला १ अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. जळगाव सुमारे ७५.६ अंश पूर्व रेखांशावर, तर धुळे ७४.८ वर आहे. म्हणून धुळ्याची स्थानिक वेळ जळगावच्या सुमारे ३ मिनिटे मागे असते. हा घोळ टाळण्यासाठी १९०६ पासून ८२.५ अंशांवरील वेळ ही भारतीय प्रमाणवेळ ठरली. ८२.५ ला ४ ने गुणा : ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. ग्रिनिचपेक्षा आपण तेवढे पुढे आहोत.

गिट आपल्या पोटात मात्र तारीख ठेवतच नाही. १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, तेव्हापासूनचे सेकंद ती मोजते आणि शेजारी +०५३० लिहिते. आपल्या उदाहरणात ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार पहाटेचे साडेचार वाजले होते. तोवर २०,१८१ दिवस व १६,२०० सेकंद उलटले होते. एकूण १,७४,३६,५४,६०० सेकंद. त्याच क्षणी न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे साडेबारा होते, पण सेकंदांची संख्या हीच!

+०५३० लिहायचे राहिले, तर गिट त्या संगणकाचीच प्रमाणवेळ धरते. न्यूयॉर्कमधील संगणकावर आपली वेळ तशीच टंकली, तर नोंद किती तासांनी चुकेल? वहीत मांडून पाहा. उत्तर साडेनऊ यायला हवे.