बटाट्याच्या रोपाची धोक्याची वर्दी

मनुष्याच्या अंगांत रोगजंतु शिरले म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांजवर चालून जातात. वनस्पतीला रक्त नाहीं, व धांवून जाणाऱ्या रक्षक पेशीहि नाहींत. तिच्या प्रत्येक पेशीला जागच्या जागीं लढावें लागतें. मात्र शत्रु आल्याची वर्दी तिला वेळेवर मिळाली पाहिजे. ही वर्दी देणारीं रासायनिक द्रव्यें बटाट्याच्या रोपांत कसें काम करतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

वर्दी चुकली म्हणजे काय अनर्थ होतो, हें आयर्लंडनें पाहिलें. १८४५ सालीं तेथील बटाट्यावर करपा पडला आणि शेतेंच्या शेतें काळीं पडून कुजलीं. पुढील कांहीं वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें भुकेनें व सांथींनीं मेलीं. जवळजवळ तितकींच देशत्याग करून गेलीं. ह्या रोगाचें मूळ म्हणजे बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्म जीव. त्याचें ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ हें नांव १८७६ सालीं द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें रूढ केलें.

तथापि बटाटा अगदींच असहाय नाहीं. १९४० च्या सुमारास म्यूलर व बर्गर ह्या जर्मन संशोधकांनीं कापलेल्या बटाट्यावर प्रथम ह्या जीवाचा निरुपद्रवी वाण लाविला, व नंतर त्याच जागीं घातक वाण लाविला. घातक वाण तेथें वाढेना! पहिल्या झटापटींतच बटाट्यानें कांहीं रोगनाशक द्रव्य तयार केलें असलें पाहिजे, असें त्यांनीं अनुमान काढलें. १९६८ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं ‘रिशिरी’ जातीच्या बटाट्यांतून असें एक द्रव्य वेगळें काढलें. तेंच ‘रिशिटिन’ होय.

परंतु हें द्रव्य तयार करण्याचा हुकूम सुटतो कसा? करप्याच्या जीवाच्या अंगीं ॲराकिडोनिक नांवाचें आम्ल असतें. तें बटाट्याला लागतांच तो सावध होतो, असें १९८१ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. शत्रूच्या पायरवानें पहारेकरी जागा व्हावा, तसाच हा प्रकार. पुढची वर्दी सॅलिसिलिक आम्लाच्या साह्यानें चालते. हें आम्ल ॲस्पिरिनच्या गोळीचें सगोत्र होय. हें आम्ल नष्ट करणारा एका जंतूचा गुण बटाट्यांत घालून पाहतां, ॲराकिडोनिक आम्ल लावूनहि त्या रोपांत प्रतिकार उत्पन्न झाला नाहीं. हा प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला.

आश्चर्य हें कीं, बटाट्याच्या निरोगी पानांतहि सॅलिसिलिक आम्ल भरपूर असतें. म्हणजे केवळ सांठा पुरेसा नाहीं. हांक ओळखून तत्काळ ओ देणें महत्त्वाचें. रोगप्रतिबंधक जातींत बाधा झालेली पेशी कांहीं तासांतच स्वतः मरते व शत्रूला तेथेंच कोंडते. दुबळी जातहि लढते, पण उशिरां. शिवाय शत्रूहि कांहीं कच्चा नाहीं. तो आपलीं प्रथिनें पेशींत सोडून वर्दीच दाबून टाकतो.

आयर्लंडांत त्या काळीं बहुतेक ‘लंपर’ ही एकच जात लावीत, आणि तीहि बटाट्याच्या फोडींपासून. त्यामुळें सारीं रोपें गुणांनीं एकसारखीं होतीं. जी हांक एका रोपाला ऐकूं आली नाहीं, ती कोणालाच आली नाहीं. म्हणून निरनिराळ्या जाती राखणें ही निव्वळ हौस नव्हे. त्यांतच उद्यांच्या अन्नाची राखण आहे.