माकडताप

माकडताप : (क्यासनूर अरण्य रोग). गोचिडीच्या दंशातून माणसास होणारा व्हायरसजन्य तीव्र ज्वर. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यालगत माकडे मरू लागली व त्याच सुमारास ग्रामस्थांतही तापाची साथ पसरली. माकडांच्या मृत्यूमुळे प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) मृत माकडांपासून व्हायरस वेगळा केला, तेव्हा तो रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाचा निकटचा आप्त ठरला. या संशोधनात प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांनाही संसर्ग झाला.

इतक्या दूरचा आप्त दक्षिण भारतात कसा आला? स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींमार्फत तो आला असावा, या तर्काच्या पडताळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे कार्य हाती घेतले. पुढे या कार्यास अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाल्याने जैव युद्धाच्या शंका उठल्या व संसदेच्या लोकलेखा समितीने १९७४-७५ मध्ये अशा परदेशी सहकार्याची छाननी केली. पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी या कार्यातून विपुल माहिती मिळाली. पक्ष्यांनी रोग आणल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. हा व्हायरस १९५७ पूर्वीच या प्रदेशात असावा, असे जनुकीय तुलनेवरून दिसते.

रोगवाहक गोचीड मुख्यतः हीमॅफायसॅलिस स्पायनिजेरा या जातीची होय. तिचे डिंभ व अर्भके उंदीर, चिचुंद्री, पक्षी व माकडे यांचे रक्त शोषतात. प्रौढ गोचीड गुरांवर पोसली जाते. त्यामुळे जंगल तोडून शेती व चराई वाढली की गोचिडीही वाढतात. वानर व लाल तोंडाचे माकड यांना हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. माकड मरताच त्याच्या अंगावरील संसर्गित गोचिडी खाली पडतात व तेवढी जागा धोक्याची बनते. माणूस हा आगंतुक पोषक असून त्याच्यापासून दुसऱ्यास रोग होत नाही. अर्भके हिवाळा व उन्हाळ्यात विपुल असल्याने साथही डिसेंबर ते मे या काळात येते.

दीर्घकाळ हा रोग शिमोगा व शेजारच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित मानला जाई. २०१२ नंतर तो बंदीपूर, निलगिरी व वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात साथ आली. या पट्ट्यात काजूच्या बागा जंगलाला लागून आहेत. काजूचा हंगाम व अर्भकांचा काळ एकच, आणि बोंडे वेचणाऱ्यांचे हात पालापाचोळ्यात. त्यामुळे सर्वाधिक झळ त्यांनाच बसते.

परिपाक काल ३ ते ८ दिवसांचा असतो. थंडी वाजून एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी, स्नायुवेदना व वांत्या ही मुख्य लक्षणे होत. काहींना नाक, हिरड्या वा आतड्यांतून रक्तस्राव होतो. काही रोग्यांत ताप उतरून एकदोन आठवड्यांनी उलटतो व मस्तिष्कविकाराची लक्षणे दिसतात. मृत्युप्रमाण ३ ते ५ टक्के असते. आरंभीची लक्षणे डेंग्यूसारखी असल्याने रोग्याच्या जंगलातील वावराची चौकशी आवश्यक ठरते.

विशिष्ट औषध नाही. उपचार लक्षणानुसार करतात. कर्नाटकात १९९० पासून दिलेल्या मृत व्हायरसाच्या लशीची परिणामकारकता अपुरी आढळल्याने तिचा वापर २०२२ मध्ये थांबविण्यात आला. नव्या लशीवर संशोधन चालू आहे. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे व परतल्यावर गरम पाण्याने स्नान करावे. मृत माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. तेथील जमिनीवर कीटकनाशक फवारतात.