मक्ता की खरेदीखत?

शेत मक्त्याने देणे आणि त्याचे खरेदीखत करून देणे यांतील फरक यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात सातबारावरील नाव कायम राहते, दुसऱ्यात ते जाते. मात्र याच शेतकऱ्याची महाविद्यालयात शिकणारी मुले मुक्त सॉफ्टवेअरसाठी विनामोबदला काम करतात, तेव्हा पुढे आलेला करार न वाचताच मान्य करण्याचा मोह त्यांना होण्यासारखा आहे.

मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही वापरता, बदलता व वाटता येते; म्हणून त्याला मालक नसतो असे नव्हे. आपण लिहिलेल्या भागाचा कॉपीराइट एरवी लेखकाकडेच राहतो. तो इतरांना केवळ परवाना देतो. काही प्रकल्प मात्र हा हक्कच आपल्या नावे लिहून मागतात. त्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे म्हणणे असे की, मालकी एका हाती असली म्हणजे परवान्याचा भंग करणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जाणे सुकर होते. ही संस्था ते काम मुक्तच ठेवण्याचे लेखी अभिवचनही देते.

हक्क घेणारी व्यापारी कंपनी असेल, तर प्रश्न बिकट होतो. ‘ओपनऑफिस’मध्ये भर घालणाऱ्यांकडून सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी हक्कांत संयुक्त मालकी लिहून घेत असे. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली आणि ते हक्क नव्या धन्याकडे गेले. मुक्त परवाना शाबूत असल्यामुळे त्याच वर्षी अनेकांनी ‘लिब्रेऑफिस’ वेगळे काढले. मराठीतूनही वापरता येणाऱ्या या सॉफ्टवेअरसाठी हक्क लिहून मागितले जात नाहीत. परंतु तेच श्रम बंदिस्त स्वरूपात विकण्याची मुभा हक्कधारक कंपनीला राहते. इतरांना ती नसते.

आपल्याकडील १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ येथे काहीसे साह्य करते. लेखी व सहीनिशी नसलेले हस्तांतरण वैध नाही. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता धरला जातो. करारात ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगात’ असे शब्द असले, की हा आधार उरत नाही.

ज्ञान सर्वांना द्यावे, हे योग्यच. परंतु हक्क कोणाच्या नावे जातो, काम मुक्त ठेवण्याचे वचन लेखी आहे काय, आणि स्वतःचे काम पुन्हा वापरण्याची मोकळीक राहते काय, एवढे पाहिल्यावाचून सही करू नये. सर्वांसाठी केलेले दान एकाच्या तिजोरीत जमा होऊ नये, एवढीच ही दक्षता आहे.