अबोलीला बी धरू द्या

नर्सरीत अबोलीचं रोप घेताना भाव विचारण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी : याला बी धरतं का? अबोलीची पुढची सगळी निगा या उत्तरावर ठरते, आणि ते झाड तुमच्या अंगणात दोन वर्षं राहणार की दोन पिढ्या, हेही त्यावरच ठरतं.

आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या अबोलीचे ढोबळ मानानं दोन प्रकार. कोकणात, गोव्यात परसदारी पिढ्यान्‌पिढ्या आहे ती गावठी केशरी अबोली. तिला भरपूर बी धरतं आणि पावसाळ्यात तिची रोपं आपोआप उगवतात. दुसरी दिल्ली अबोली. तिचं फूल मोठं, रंग गडद, तुरे जास्त, म्हणून फुलशेतीत तिनं चांगलाच जम बसवला. पण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. अशा झाडाला बी धरत नाही. तिची वाढ फाटे लावूनच करावी लागते, म्हणजे एका झाडाचं दुसरं झाड माणसाच्या हातूनच होतं. लावणारा हात थांबला की तीही थांबते. याशिवाय पिवळी अबोली आहे, लालसर आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेले ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’, ‘अर्का श्रेया’ असे वाणही आहेत. फुलांसाठी यातलं काहीही लावा, सुंदरच दिसेल. पण घरच्या अंगणात निदान एक झाड गावठीचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

अबोली मूळची आपल्याच बाजूची, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. तिचं कूळ अडुळसा आणि कोरांटीचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५९ साली तिची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा तिला अडुळशाच्याच प्रजातीत घातलं होतं. आज तिचं शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. जंगलात रान अबोली म्हणून जी निळसर हिरव्या फुलांची झुडपं दिसतात, ती याच कुळातली, पण प्रजाती वेगळी.

तुरा एकदा हातात धरून नीट बघावा. पानाच्या बगलेतून लांब देठ निघतो आणि त्याच्या टोकाला हिरव्या सहपत्रांचं घट्ट विणलेलं चौकोनी कणीस असतं. सहपत्रं एकमेकांवर चढलेली, चार ओळींत. फुलणं खालून वर जातं. आज तळातली दोन-तीन फुलं, मग त्यांच्या वरची, असं करत एक तुरा दोन-तीन आठवडे चालतो. प्रत्येक फुलाला दोऱ्याइतकी बारीक फिकट नळी असते आणि तिच्या टोकाला पाकळ्यांचा पसारा. तो चहूबाजूंनी गोल नसतो, सगळा एकाच बाजूला पंख्यासारखा उघडतो. पाच पाळ्या आणि गळ्याशी पिवळा डाग. वास नाही. फूल काढताना नळी चिमटीत धरून अलगद वर ओढली की ती सहपत्रातून सुळकन सुटते आणि तुरा जागच्या जागी राहतो. तुरा मोडून घेणारा माणूस पुढच्या दोन आठवड्यांची फुलं मोडून नेतो.

फूल झाडावर तीन-चार दिवस टवटवीत राहतं, त्यामुळे रोज तोडायची घाई नसते. फुलशेतीवालेही एक दिवसाआड, सकाळी ऊन चढायच्या आत तोडणी करतात. वजनाला हे फूल इतकं हलकं की किलोभर व्हायला हजारो फुलं खुडावी लागतात. अबोलीच्या गजऱ्याचा भाव काढताना हे कष्ट लक्षात ठेवायला हवेत. गोव्यात म्हापशाच्या बाजारात अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, मांडून बसलेल्या बायकांचे हात पाहावेत. केळीच्या सोपटाचा ओला दोरा, त्यावर जोडीजोडीनं नळ्या ठेवायच्या, गाठ आवळायची, की पुढची जोडी. नळी नाजूक असल्यानं सुई चालत नाही आणि गाठ सैल पडली तर फुलं गळतात. ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेली फाती दुसऱ्या दिवशीही डोक्यात माळता येते. मोगऱ्याला हे जमत नाही.

हा रंग मराठी डोळ्यांना इतका ओळखीचा, की त्याला ‘अबोली रंग’ म्हटलं की साडीच्या दुकानात अधिक काही सांगावं लागत नाही. २०१६ पासून ठाणे-मुंबईच्या रस्त्यांवर महिला चालकांच्या रिक्षा आल्या, त्यांनाही अबोली रंगच दिला गेला.

आता लागवड. अबोलीला ऊब हवी आणि मुळाशी ओल हवी, पण पाणी साचलेलं तिला मुळीच खपत नाही. कोकणातली तांबडी माती तिला मानवते, कारण ती निचऱ्याची आणि किंचित आम्ल असते. देशावरच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत तीच अबोली रडतखडत वाढते. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुण्यात, नगरला, संभाजीनगरला ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि लोक खत वाढवत जातात. पण यात खताची उणीव नसते. मातीत लोह असतं, मात्र चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. त्यावर फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कायमचा इलाज मात्र मातीतच करायचा. काळ्या मातीत लावायचीच असेल तर खड्ड्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळावं, किंवा सरळ कुंडीत लावावी. बोअरचं जड पाणी सतत देत राहिलात तर कुंडीतही हेच होईल. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर तिला तेच द्यावं.

कुंडी दहा-बारा इंचांची पुरते. बागेत दोन रोपांत एक फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवावं. कोकणातल्या धो धो पावसात सपाट जमिनीवर लावलेली अबोली हमखास जाते. तिथे गादीवाफा हवा, वीतभर उंच. ऊन सकाळचं चार-पाच तास मिळालं तरी ती फुलते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली केली नाही तर पानं करपतात. थंडीत ती मंदावते, फुलं कमी होतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये.

अबोलीचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. एखादं झाड भरदिवसा मलूल दिसू लागतं, पानं बारीक होत जातात, तुरे आखूड येतात आणि एक दिवस सगळं झाड वाळतं. उपटून पाहिलं तर मुळं काळपट, कुजकी, कुठे गाठी आलेल्या. हे मातीतल्या सूत्रकृमींचं काम. त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते. एकदा मर लागली की झाड वाचत नाही, औषधावर पैसे घालवू नयेत. ते मुळासकट काढून जाळावं आणि त्याच जागी पुन्हा अबोली लावू नये. तिथे एक हंगाम झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांतून जे द्रव्य झिरपतं, त्यानं सूत्रकृमी कमी होतात. अबोलीच्या ओळींमध्ये झेंडू घालणारे शेतकरी हे जाणूनच तसं करतात. लावणीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड टाकली तर निम्मं काम तिथेच होतं. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे त्यामानानं किरकोळ. निंबोळी अर्काची फवारणी आणि वेळच्या वेळी कीडकी फांदी छाटणं, एवढं पुरतं.

झाड म्हातारं होऊ देऊ नये. अबोली बारमाही असली तरी दोन-तीन वर्षांनी तिचं खोड लाकडासारखं होतं, खालची पानं झडतात आणि फुलं फक्त शेंड्याला राहतात. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, फांद्या निम्म्यावर छाटून शेणखत द्यावं. तिसऱ्या वर्षी मात्र नवीन रोप तयार हवंच. दिल्ली अबोलीचे चार-पाच इंचांचे, न फुललेल्या कोवळ्या फांद्यांचे फाटे वाळूत सावलीला लावले तर महिनाभरात मुळं धरतात. गावठीला एवढंही करावं लागत नाही.

कारण गावठी अबोली आपली पेरणी स्वतः करते, आणि ती कशी करते हे घरातल्या मुलांना जरूर दाखवावं. फुलून संपलेला तुरा झाडावरच तपकिरी, कडक होऊ द्यायचा. त्याच्या प्रत्येक सहपत्राआड एक लांबट बोंड असतं आणि त्यात चार बिया. प्रत्येक बी एका ताठ आकड्यावर बसलेली असते. वाळताना बोंडाच्या भिंतींवर ताण येतो, पण सांधा चिकटलेला असल्यानं ते उघडत नाही. त्यावर पाणी पडलं की सांधा सैल होतो, बोंड फटकन तडकतं आणि आकडे बियांना काही फूट लांब भिरकावून देतात. वाळका तुरा ताटात ठेवून त्यावर चार थेंब शिंपडा. थोड्याच वेळात टपटप आवाज सुरू होईल आणि चपट्या, झालरीसारख्या खवल्यांच्या बिया ताटाबाहेर उडतील. पहिल्या पावसातच बी बाहेर पडावं, म्हणजे ते ओल्या जमिनीतच पडेल, अशी ही योजना आहे. दिल्लीच्या तुऱ्यावर कितीही पाणी ओता, त्यातून काही निघत नाही.

बी ताजं असतानाच पेरायचं. ठेवून दिलं तर त्याची उगवण झपाट्यानं घटते, म्हणून पाकीटबंद जुनं बी घेऊन नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. भुसभुशीत मातीवर पसरून वर जेमतेम झाकेल एवढी माती टाकावी आणि झारीनं पाणी द्यावं. साधारण दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसतात, दोन महिन्यांत लावणीजोगी होतात आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पहिला तुरा येतो.

परदेशातल्या मराठी घरांतही अबोली जमते, फक्त खिडकीतल्या कुंडीत. युरोपात ‘मोना वॉलहेड’ नावाचा बुटका वाण कुंडीसाठीच विकला जातो. हिवाळ्यात तापमान तेरा-चौदा अंशांखाली जाऊ द्यायचं नाही आणि हीटरच्या कोरड्या हवेत पानांवर पाणी फवारत राहायचं. तिथल्या नव्या माणसानं गावठीच्या बियांचा हट्ट धरण्याआधी हा वाण लावून हात बसवावा.

इथे मात्र हट्ट गावठीचाच धरा. शहरांतल्या नर्सऱ्यांमध्ये फाट्यांवर वाढवलेली रोपंच जास्त दिसतात, कारण ती एकसारखी आणि लवकर फुलणारी असतात. विकणाऱ्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे. पण बी धरणारी अबोली टिकवायची तर ती घरोघरच टिकेल. या दिवाळीत तुमच्या किंवा आजोळच्या अंगणात गावठी अबोली फुललेली असेल, तर सगळे तुरे खुडू नका. सर्वांत जोमदार झाडावरचे चार-पाच तुरे ओळखून त्यांना दोरा बांधा आणि ते झाडावरच वाळू द्या. पाणी देताना तेवढे तुरे भिजणार नाहीत असं बघा. वाळले की कागदी पिशवीत काढून घ्या. कोकणात आणि मुंबईत लगेच पेरा. देशावर थंडी असेल तर माघ-फाल्गुनात वाळणारे तुरे धरा आणि ऊब आली की पेरा. निम्मं बी स्वतःला ठेवा आणि निम्मं शेजारी द्या.